अकरा वाजून सात मिनिटांची सही

१

लिफ्ट पडली ती गुरुवारी सकाळी, सहाव्या मजल्यावरून. आत एकच बाई होती. चौथ्या मजल्यावर राहायची, शिवणकाम करायची, सहाव्यावरच्या एका मुलीचा फ्रॉक देऊन घरी निघाली होती. दोन मजले उतरायला तिने लिफ्ट का घेतली, असं एका शहाण्याने मला विचारलं. गुडघे दुखत होते म्हणून घेतली. लिफ्ट घ्यायला माणसाला आणखी काय कारण लागतं?

तळमजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारी चौकटीत नवंकोरं प्रमाणपत्र लावलेलं होतं. लिफ्ट तपासली, वापरण्यास सुरक्षित. दोर बदलायचा म्हणून ती लिफ्ट तीन आठवड्यांहून जास्त बंद होती. प्रमाणपत्र सोमवारी हातात आलं, मंगळवारी त्यांनी ती सुरू केली. नव्या दोराची पकड नीट आवळलेली नव्हती आणि दोर सुटला तर लिफ्ट धरून ठेवणारा ब्रेक गंजून जाम झाला होता. तपासणीला कुणी गेलं असतं तर दोन्ही गोष्टी पाच मिनिटांत दिसल्या असत्या.

प्रमाणपत्राखाली छापलेलं नाव आमच्या शहर कार्यालयाच्या लिफ्ट निरीक्षकाचं होतं. सोमवार, सकाळी अकरा वाजून सात मिनिटं. आणि निरीक्षक म्हणत होता, मी त्या इमारतीत पाऊलही टाकलेलं नाही आणि सही तर केलेलीच नाही. त्याला निलंबित केलं होतं. बुधवारी चार वाजता सुनावणी होती आणि तिथून तो थेट तुरुंगाच्या वाटेला लागणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

चौकशी अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. मी त्याच शहर कार्यालयाच्या संगणक विभागात सव्वीस वर्षं काढून चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. "अर्ज पुढे नेणाऱ्या या इंजिनाची आतडी तुमच्याइतकी कुणालाच माहीत नाहीत, बाई," ते म्हणाले. खरंच होतं ते. आणि ऐकायला मला आवडलं, हेही सांगून टाकते.

व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. गेलेलीची धाकटी बहीण. मी जवळून जाताना ती उठून उभी राहिली.

"तुम्हीच का त्या कॉम्प्युटरवाल्या? मला बाकी काही नको. सही कोणी केली तेवढं सांगा."

"बुधवारी सांगेन."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणाले.

२

निरीक्षकाला सगळं कार्यालय मिलिमीटर म्हणतं. दार आणि भिंत यांच्यातली फट तो डोळ्यांनी पाहत नाही, मोजतो. नियमाबाहेर एक पाऊल टाकायचा नाही आणि दुसऱ्यालाही टाकू द्यायचा नाही, त्यामुळे मित्र फारसे नाहीत. तो मला रिकाम्या बैठकीच्या खोलीत भेटला. तपासणीची पिशवी जमा करून घेतली होती, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

"अकरा सातला कुठे होतात?"

"जुन्या गोदामाच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात. एकटाच. तिथे फोनही लागत नाही."

"साक्षीदार?"

"उंदीर," तो म्हणाला. हा माणूस विनोद करत नसे, म्हणून मी हसले नाही.

"या इमारतीचा अर्ज तुमच्याकडे किती दिवस पडून होता?"

"पडून नव्हता, रांगेत होता. सव्वीस दिवस झाले होते. नियमाने मला तीस आहेत. शुक्रवारी जाणार होतो, वहीत लिहिलंय." मग खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, मी रिकामा शेरा टाकून सही करीन?"

हा मुद्दा बिनतोड होता. मिलिमीटरच्या शेऱ्यांची कार्यालयात थट्टा चालते. 'दाराचा आवाज येतो, तेल द्यावे.' 'आतल्या दिव्यात मेलेली माशी.' निर्दोष लिफ्टवरसुद्धा तो चार ओळी लिहितो. या प्रमाणपत्रात शेऱ्याची जागा कोरी होती.

मी टिपणं काढायला बसले आणि वहीवर रेघ मारायला पिशवीतून सहा इंची स्टीलची पट्टी काढली. त्याने ती लगेच ओळखली.

"अजून आहे तुमच्याकडे?"

"छापील कागद वाचताना ओळीखाली धरते. डोळे गेले आता."

ती पट्टी त्याचीच. आठ वर्षांपूर्वी त्याची बायको परगावच्या दवाखान्यात होती. रजेचा अर्ज तेव्हाच्या साहेबांच्या टेबलावर एकोणीस दिवस पडून राहिला. दुसरा कुणीही निघून गेला असता, मागाहून बघू म्हणाला असता. हा मंजुरीची वाट बघत बसला. पोचला तेव्हा तिला जाऊन दोन दिवस झाले होते. त्यानंतर मी हट्टाने रजेचे अर्ज कागदावरून काढून इंजिनावर आणले आणि पुन्हा कुणाची रजा अडली नाही. एक दिवस हा माझ्या टेबलाशी आला, आपल्या पिशवीतली पट्टी पुढे ठेवली, "माझ्याकडे द्यायला दुसरं काही नाही," म्हणाला आणि निघून गेला.

आता मी त्याला सोडवणार होते. मला तसं मनापासून वाटत होतं.

३

इंजिन म्हणजे काय ते एकदाच सांगते. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेणारा शिपाई असतो ना, तसा हा न दिसणारा शिपाई. अर्जाचा प्रत्येक टप्पा ही त्याच्या लेखी एक 'पायरी'. पायरी कुणाकडे आहे, कधीपासून आहे, पुढे कुठे जायचं, एवढंच त्याला कळतं. रजा काय, लिफ्ट काय, त्याला गंध नाही. आम्ही ते बाहेरून तयार आणलं होतं, रूबी नावाच्या संगणकभाषेत लिहिलेलं.

आमच्या कामाच्या गोष्टी त्याला आम्ही शिकवायच्या. रूबीत ही मोठी सोय आहे. दुसऱ्याने बांधलेली वस्तू न मोडता, तिच्या मूळ कागदांना हात न लावता, वेगळ्या फाइलीत चार ओळी लिहून तिला नवीन काम शिकवता येतं. अशा शिकवलेल्या कामाला मेथड म्हणतात. 'इंजिनाला हात लावायचा नाही, पायरीला शिकवायचं,' हा माझा नियम. विभागात आलेल्या प्रत्येकाला मी तो पहिल्या दिवशी ऐकवायचे.

आता हे काम एका बाहेरच्या कंपनीकडे होतं आणि कंपनीचा माणूस म्हणजे झटपट. हे नाव मीच ठेवलेलं; तो आधी माझ्याच हाताखाली होता. दोन वर्षांपूर्वी लिफ्ट विभाग त्याने इंजिनावर आणला, तोही तीन आठवड्यांत. सगळ्या नोंदींची किल्ली त्याच्याकडे होती, म्हणून माझा पहिला संशय त्याच्यावर.

"त्या दिवशी मिलिमीटरचं लॉगिनच नाही," मी म्हणाले. "तो आत आलाच नाही आणि सही मात्र झाली. हे कोण करू शकतं?"

त्याचा चेहरा उतरला. "मी करू शकतो. पण मी का करू, बाई? लिफ्टवाल्यांशी माझा काय संबंध? आणि मी इंजिनाला हात लावलेला नाही. तुमचाच नियम. लागतील तेवढ्या मेथड पायरीला शिकवल्या, काही आधीच्या होत्या त्या वापरल्या."

"तुझ्या मशीनवर कार्यालयाची नक्कल आहे ना? दाखव करून."

सोमवारी सकाळी आम्ही लिफ्टचा खोटा अर्ज भरला. दुपारपर्यंत प्रत्येक पडदा उघडला, प्रत्येक बटण दाबलं, महिन्याचे अहवाल काढले. अर्ज निरीक्षकाच्या पायरीवर जो बसला तो हलायला तयार नाही.

"बघा," झटपट म्हणाला. "आपोआप काही होत नाही. माणसाने केलंय हे."

मी सगळ्या फाइली छापून मागितल्या. दोन गठ्ठे आले. एक झटपटच्या दोन वर्षांतला, एक पायाभरणीचा जुना. जुना मी टेबलाच्या कडेला सारला, तो माझाच होता. नवा पट्टी धरून ओळीन् ओळ वाचून काढला. घाईचं काम, नावं धड नाहीत, पण चोरी कुठे दिसली नाही.

४

प्रमाणपत्रं छापून देणारी काउंटरवरची ताई मला जुनी ओळखते. मिलिमीटरचा पासवर्ड तिलाही माहीत होता. तो त्याने कीबोर्डखाली चिकटवून ठेवलेला, त्यामुळे झाडणाऱ्यालाही माहीत होता.

"मी नाही हो केली सही," ती मी काही विचारण्याआधीच म्हणाली.

"तू केलीस असं कोण म्हणतंय? मला एवढंच सांग, त्या सोमवारी वेगळं काय झालं?"

"वेगळं काही नाही. महिन्याचा पहिला सोमवार. पहिल्या सोमवारी गठ्ठा येतो."

"कसला गठ्ठा?"

"सह्यांचा. एरवी दिवसाला एखादं, फार तर दोन. पहिल्या सोमवारी अकराच्या सुमाराला एकदम आठ-दहा. मला वाटायचं, साहेबांनी दम दिला की सगळे कामाला लागतात." ती प्रिंटरचा कागद सारखा करू लागली. "शेरा रिकामा होता, बाई. मी पाहिलं होतं. मिलिमीटरचा शेरा आणि रिकामा? मनात आलं माझ्या."

"मग विचारलं का नाहीस?"

"कुणाला विचारू? पडद्यावर हिरवं होतं." तिचे डोळे भरून आले. "हिरवं असलं की छापायचं, असंच सांगितलंय आम्हाला."

मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू, खूप आला. सगळे हात झटकायला टपलेले आणि तो एकटा बिचारा उंदरांची साक्ष घेऊन बसलेला. मी वर गेले आणि त्या एका मिनिटात झालेल्या सगळ्या सह्या काढल्या.

दहा होत्या. सात मिलिमीटरच्या, लिफ्टच्या अर्जावर लागणाऱ्या दोन अग्निशमन विभागाच्या, एक मिलिमीटरच्या साहाय्यकाची. साहाय्यकाचं नाव पाहून मी खुर्चीत मागे टेकले. त्या माणसाच्या अंत्ययात्रेला मी स्वतः गेले होते. तीन आठवड्यांपूर्वी.

५

मेलेल्या माणसाचा पासवर्ड कुणी वापरला असेल, असं आधी वाटलं. पण लॉगिन त्याचंही नव्हतं. अकरा सातला लिफ्ट विभागात दोनच माणसं आत होती: काउंटरवरची ताई आणि विभागाचे साहेब.

दहाही अर्जांच्या तारखा मी एकाखाली एक लिहिल्या. सव्वीस दिवस, एकवीस दिवस, एकोणीस, सोळा. सगळ्यात नवा पंधरा दिवसांचा. आणि एक अर्ज त्याच रांगेत, त्याच निरीक्षकाकडे, चौदा दिवसांचा. त्याला कुणी हात लावला नव्हता. तो अजून तिथेच होता.

माणूस सह्या ठोकत सुटला तर असं दिवस मोजून थांबतो का?

मंगळवारी दुपारी साहेबांकडे गेले. त्यांच्या मागच्या फळीवर चकचकीत ढाल होती. 'शून्य प्रलंबित अर्ज', सलग दोन वर्षं. ती माझ्या नजरेत यावी अशीच ठेवली होती.

"अकरा वाजता काय करत होतात?"

"साडेअकराला मोठ्या साहेबांची बैठक असते. त्याआधी महिन्याचा अहवाल बघतो. फक्त बघतो. सही करायची मला सोयच नाही, संगणकवाल्यांनी ठेवलीच नाही."

हेही खरं होतं. पण अहवाल कुणी कधी उघडला याची नोंद मी काढून नेली होती. "त्या दिवशी तुम्ही तो दोनदा उघडलात. अकरा सातला आणि अकरा आठला. छापलात दुसऱ्या वेळचा."

"पहिल्यांदा नीट उघडला नसेल."

"गेले चोवीस महिने पहिल्यांदा नीट उघडला नाही? दर महिन्याला दोनदा, साहेब. दर वेळी दुसरा छापलेला."

त्यांनी ढालीकडे पाहिलं. नंतर आवाज अगदी मऊ झाला. "पहिल्यांदा उघडला की लाल आकडा दिसतो. दहा, बारा. पुन्हा उघडला की शून्य. मला वाटलं, सिस्टीम ताजी होत असेल."

"आणि ते दहा अर्ज कुठे जातात, असं वाटलं नाही कधी?"

"तुम्ही कधी विभाग चालवलाय का, बाई?" ते म्हणाले. "शून्य आल्यावर कोण विचारतं?"

म्हणजे अहवाल बघितला की सह्या होत होत्या. साहेबांना कारण माहीत नव्हतं, पण फळ माहीत होतं आणि दोन वर्षं त्यांनी ते आनंदाने खाल्लं. मला माझा माणूस सापडला असं वाटलं. पण एक गोष्ट टोचत होती. काल मी तोच अहवाल झटपटच्या मशीनवर उघडला होता आणि काहीच झालं नव्हतं.

अर्थात. आमचा खोटा अर्ज त्याच सकाळचा होता. पंधरा दिवसांचा नव्हता.

६

बुधवारी सकाळी चहा घेताना आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. हे गणिताचे मास्तर, निवृत्त. भाजी निवडत ऐकत होते.

"अगं, पण पंधराच का?" ते म्हणाले.

"म्हणजे?"

"लिफ्टच्या नियमात तीस दिवस, असं तुझा तो निरीक्षक म्हणाला ना? मग लिफ्टसाठी कुणी काही लिहिलं असतं तर तीस लिहिलं असतं. हा पंधरा लिफ्टचा नाहीच. दुसऱ्या कुठून तरी आलाय."

मी कप खाली ठेवला.

"पंधरा दिवस कशात असतात तुमच्याकडे?" ह्यांनी विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. पंधरा दिवस आमच्याकडे एकाच गोष्टीत असतात. अर्जावर पंधरा दिवसांत निर्णय झाला नाही तर तो मंजूर समजावा, हा मिलिमीटरच्या बायकोच्या प्रसंगानंतर झालेला रजेचा नियम आहे.

"सगळं वाचलंस ना तू?" ह्यांनी पुन्हा विचारलं. त्यांच्या मनात काही नव्हतं, सहज विचारलं.

"एक गठ्ठा राहिलाय," मी म्हणाले आणि चपला घातल्या.

कार्यालयात जुना गठ्ठा होता तिथेच होता, टेबलाच्या कडेला. तिसऱ्याच पानावर सापडलं. पट्टी ओळीखाली धरली, पण धरायची गरज नव्हती. ओळी मला पाठ होत्या. पायरीला मी शिकवलेली मेथड, नाव 'थकली का'. अकरा ओळी. पायरीला विचारायचं, तू थकलीस का? पंधरा दिवस झाले नसतील तर ती 'नाही' म्हणते. झाले असतील तर 'हो' म्हणते, आणि उत्तर देता देता, ज्याच्याकडे पडून आहे त्याचं नाव लावून स्वतःच पुढे सरकते. कर्मचारी 'माझी रजा कुठे आहे' हा पडदा उघडायचा, पायरीला प्रश्न जायचा आणि अडलेली रजा त्याच क्षणी मंजूर व्हायची. आळशी साहेबाच्या नावाने. मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं.

झटपटला अहवालासाठी थकलेल्या पायऱ्या मोजायच्या होत्या. तयार मेथड दिसली, नाव निरुपद्रवी, त्याने वापरली. आत काय आहे ते पाहिलं नाही. बाईंचं काम, त्यात काय बघायचं! मी तरी कुठे पाहिलं होतं?

मी ही मेथड रजेच्या पायरीला नाही, झाडून सगळ्या पायऱ्यांना शिकवली होती. त्या वेळी इंजिनावर रजेशिवाय दुसरं काही नव्हतंच. आणखी एकच ओळ लागली असती, बारावी: अर्ज रजेचा असेल तरच. ती लिहायचा मी कंटाळा केला.

सगळ्यात वर, संगणक वाचत नाही अशी, माणसासाठी लिहिलेली एक ओळ होती. माझ्याच शब्दांत. 'यापुढे कुणालाही पोचायला उशीर होऊ नये.'

७

सुनावणीत मी सगळं सांगितलं. झटपटच्या मशीनवर अर्जाची तारीख सोळा दिवस मागे नेली, अहवाल एकदा उघडला आणि मिलिमीटरच्या नावाची सही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उमटली. मग मी ती जुनी पानं टेबलावर ठेवली आणि ती कोणाची ते सांगितलं.

मिलिमीटर खोलीच्या टोकाला बसला होता. त्याच्याकडे मी पाहिलं नाही.

"म्हणजे मी निर्दोष," साहेब म्हणाले.

"तुम्ही चोवीस वेळा पाहिलंत आणि चोवीस वेळा गप्प बसलात," मी म्हणाले. "मी एकदाच चुकले. कुणाचं पाप मोठं, ते मला मोजता येत नाही. पण निर्दोष हा शब्द इथे वापरू नका."

चौकशी अधिकारी भले गृहस्थ. त्यांनी अहवालाचा मसुदा मला दाखवला. 'तांत्रिक त्रुटी,' असं लिहिलं होतं. मी म्हणाले, माझं नाव घाला. ते म्हणाले, कुठे घालू, बाई? तुम्ही आता सेवेत नाही, त्या वेळीही कुठला नियम मोडला नाहीत, हेतू चांगला होता. त्यांनी पुस्तकं चाळली, कुणाला फोन लावला. मला लागू पडेल असं कलम त्यांना सापडलं नाही. पुढे साहेबांची बदली झाली. ढाल ते बरोबर घेऊन गेले, असं काउंटरवरची ताई सांगत होती.

सुनावणी संपली तेव्हा बाहेर बाकावर बहीण बसली होती. मी शेजारी बसले.

"सही कोणी केली?"

"मी," मी म्हणाले. "आठ वर्षांपूर्वी." आणि जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सगळं सांगितलं.

"तुम्ही माझ्या ताईला ओळखत होता?"

"नाही."

"मग ते तसं लिहिताना तुम्ही कुणाचा विचार करत होता?"

"त्यांचा," मी म्हणाले. मिलिमीटर तेवढ्यात दारातून बाहेर येत होता.

तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला तशी फार गरज होती.

मिलिमीटरला लगेच कामावर घेतलं होतं. तपासणीची पिशवी त्याच्या खांद्यावर परत आली होती. घ्यावंच लागलं, कारण दोन वर्षांत अशा आपोआप उमटलेल्या सगळ्या सह्या मी काढून दिल्या होत्या. त्यात दोनशे बारा लिफ्ट होत्या. शहरभर चालू होत्या. माणसं चढत होती, उतरत होती, आणि प्रत्येकीच्या दाराशेजारी याचं किंवा त्या मेलेल्या साहाय्यकाचं नाव चौकटीत लावलेलं होतं.

तो माझ्यासमोर उभा राहिला. मला माफी मागायची होती. दुपारभर वाक्य जुळवलं होतं.

"तुम्ही माझ्यासाठी केलं होतं ते," तो म्हणाला.

"हो."

"मी तुम्हाला करा म्हटलं नव्हतं."

"नाही."

त्याने हात पुढे केला. मला वाटलं, हात मिळवतोय. मीही माझा पुढे केला.

"पट्टी," तो म्हणाला. "दोनशे बारा लिफ्ट आहेत. लागेल मला."

मी पिशवीतून ती काढून दिली. त्याने शर्टाच्या टोकाने दोन्ही बाजूंनी पुसली, तपासणीच्या पिशवीत तिच्या जागी ठेवली आणि जिन्याने खाली उतरला.